माती गिळते तेव्हा!

मे महिना. वर्ध्याचं ऊन! अंगणात अनवाणी उभं राहून दाखव बरं! अशा दिवसांत मी माझ्या परसबागेत भेगा बघत हिंडते. लहानसहान नाहीत हं! परवा माझं खुरपं एका भेगेत पडलं. कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा कुठे सापडलं!

आता ओळख पाहू, जमीन का फाटली?

"वाळली म्हणून!"

शाब्बास! पण मग नदीकाठची वाळू का नाही फाटत? तीही वाळतेच की!

गुपित आहे काळ्या मातीच्या पोटात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. त्याचा काळा खडक झाला आणि खडक झिजून झिजून ही माती. तिचे कण डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक. आणि गंमत म्हणजे, प्रत्येक कण वहीसारखा! पानावर पान, पानावर पान. तुझी वही कधी पावसात भिजलीय? कशी टम्म फुगते! मातीचंही तसंच. पानांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते. पाणी गेलं की आक्रसते, आणि तडकते.

खरी मज्जा तर पुढेच! उन्हाळाभर वरची भुरभुरीत माती, वाळकी पानं, सगळं भेगांत पडत राहतं. मग येतो मृगाचा पाऊस. जमीन फुगते, भेगांची तोंडं गच्च मिटतात. गिळलेलं सगळं आतच! पण आत किती गर्दी झाली! तिघांच्या बाकावर पाच जण बसले की एखादा वर उचलला जातोच ना? तशी खालची माती रेटत रेटत वर येते. बैल नाही, ट्रॅक्टर नाही, जमीन स्वतःच स्वतःला नांगरते! अगदी सावकाश, वर्षानुवर्षं. शास्त्रज्ञ या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात. लॅटिनमधल्या 'उलटणे' या अर्थाच्या शब्दावरून!

पहिला पाऊस पडला की बी घेऊन धावू नकोस हं. लहानपणी मी धावले होते. चपला चिखलात रुतल्या आणि बी कुजलं! थांबायचं, वाफसा येईपर्यंत. वाफसा म्हणजे माती ओली, पण चिकट नाही. कसं ओळखायचं? कणकेसारखा मुठीत गोळा वळ आणि कमरेइतक्या उंचीवरून सोड. पचकन चपटा झाला? अजून थांब. फुटून विखुरला? आला वाफसा! चल, चवळी, गवार, भेंडी लावू.

पावसाळा सरला तरी ही माती ओल धरून बसते. त्याच ओलीवर आमच्याकडे हिवाळ्यात हरभरा येतो. मी मात्र सांभार लावते. सांभार म्हणजे कोथिंबीर बरं, इडलीबरोबरचं नाही!

घरी करून बघशील? आगपेटीच्या रिकाम्या खोक्यात काळ्या मातीचा चिखल काठोकाठ भर आणि उन्हात ठेव. वाळल्यावर कडेला किती फट पडली, ते पट्टीनं मोज.

मीही एक प्रयोग मांडलाय. मागच्या मे महिन्यात नातवाची हिरवी गोटी भेगेत गडप झाली. तो रडला, मी मात्र खूश! तिथे काठी रोवून ठेवलीय. आता रोज सकाळी जाऊन बघते, वर आली का!