अंड्याला डाळीचे आवरण

इंग्रजांच्या सहलीच्या टोपलीत ‘स्कॉच एग’ नावाचा पदार्थ हटकून असतो. उकडलेल्या अंड्याला खिम्याचे आवरण द्यायचे, पावाचा चुरा लावायचा आणि तळायचे. आपल्याला ही कल्पना नवी नाही. मोगलाई स्वयंपाकातला नर्गिसी कोफ्ता हे त्याचेच रश्शातले भावंड. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या बीडला खिमा-कोफ्त्याची ओळख करून द्यायला नको.

चव बाजूला ठेवून पोषणाचे पाहू. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ७० ते ७५ उष्मांक असतात. शरीराला आहारातूनच घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यात आहेत. बलकात अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे मिळतात. ‘क’ मात्र नाही, आणि अंड्यातले लोह अंगी कमी लागते. म्हणून सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर हवीच.

आवरणाला खिमाच हवा असे नाही. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, लसूण, मिरची, कोथिंबीर आणि बांधणीला मूठभर ज्वारीचे पीठ घ्यावे. ज्वारीत कमी असलेले लायसीन डाळ भरून काढते. आवरण दिलेली अंडी तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये खरपूस भाजावीत. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आच द्यावी. चमचाभर तेलात सुमारे ४५ उष्मांक असतात, आणि तळणीत आवरण किती तेल पिते हे भजी करणाऱ्या गृहिणीला ठाऊकच आहे.

पण याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो मजूर ऊसतोडीला जातात. कोपीपुढच्या तीन दगडांच्या चुलीवर ओव्हन कुठला? तिथे भाकरी-चटणीसोबत एक उकडलेले अंडे मिळाले, तरी ताटाचे रूप पालटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते ऐच्छिक केले आणि खर्चाचा भार लोकवर्गणीवर सोपवला. ज्या गावातली निम्मी घरे सहा महिने कुलूपबंद असतात, तिथे वर्गणी द्यायची कोणी?

अंडे खाणाऱ्या घरांनी रविवारी हा पदार्थ जरूर करून पाहावा. वाढताना मात्र घरच्या मुलीला आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या तिच्या आईला अख्खे अंडे मिळते ना, एवढे पाहावे. आणि गावच्या शाळेत वर्गणीची वही फिरली, तर आपलेही नाव त्यात असावे.