कोठीघराचा हिशोब

हल्लीं बहुतेक घरीं सायंकाळीं इंटरनेटवरून चित्रपट पाहिला जातो. परंतु तो आपल्या दारापर्यंत येतो कसा, आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च सोसतो कोण, याचा विचार फारच थोडे करितात. म्हणून या विषयाचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वर्षाचें धान्य एकदांच भरून ठेवणाऱ्या गृहिणीस यांतील मर्म सांगावयास नको. पाहुणा आला कीं दर वेळीं पेठेंत माणूस धाडणें महाग पडतें. संगणकांच्या जाळ्यांतील अशा कोठीघरास ‘कॅश’ म्हणतात. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आला. रोकडीशीं त्याचा संबंध नाहीं. ३ गिगाबाइटांचा एक चित्रपट शहरांतील ५०० घरांनीं पाहिला, तर दूरच्या भांडारांतून १,५०० गिगाबाइट ओढावे लागतात. तोच शहरांत सांठविलेला असल्यास दूरच्या वाटेवर केवळ ३ चा भार पडतो. शिवाय वाटेचें भाडें बहुधा गर्दीच्या वेळच्या प्रवाहावरून ठरतें. म्हणून मार्ग मोकळा असतां, पहांटे, कोठी भरून ठेवणें शहाणपणाचें.

मात्र सर्वच सांठविणें परवडत नाहीं. लोकांची मागणी थोड्याच कृतींवर एकवटते. क्वचित् मागितली जाणारी वस्तु दुरून आणलेलीच बरी. बँकेंतील शिल्लक तर क्षणोक्षणीं बदलते. तिची जुनी प्रत देणें म्हणजे शिळें अन्न वाढण्यासारखेंच.

अमेरिकेंत १९९८ सालीं स्थापन झालेल्या अकामाई कंपनीनें सांठवणीचें हें काम व्यापार म्हणून चालविलें. पुढें २०१२ सालीं नेटफ्लिक्सनें स्वतःचीं यंत्रें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांस विनामूल्य देण्याची योजना जाहीर केली. जागा व वीज त्या कंपन्यांची. देहलीदीपन्यायानें उंबरठ्यावरचा हा दिवा आंत व बाहेर दोहींकडे उजेड पाडतो.

तरीही कलह मिटला नाहीं. दक्षिण कोरियांत एसके ब्रॉडबँडनें मार्गाच्या वापराचें मूल्य मागितलें. आपलीं यंत्रें घेतल्यास भार हलका होईल, असें नेटफ्लिक्सचें म्हणणें. २०२० सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें, २०२१ सालीं निकाल नेटफ्लिक्सच्या विरुद्ध लागला आणि २०२३ सालीं समेट झाला.

आमच्या मतें खरा प्रश्न कोठीच्या किल्लीचा आहे. मोठ्या कंपन्या आपलीं भांडारें गांवोगांव उभारूं शकतात. लहान संस्थेस परक्या कोठींत भाडें भरावें लागतें, नाहींतर तिचा माल दुरून मंद गतीनें येतो. बचत स्तुत्य खरी. पण ती कोणाच्या पदरांत पडते, हें सुज्ञ वाचकांनीं घरच्या जमाखर्चाइतक्याच दक्षतेनें पाहावें.