घरातील बिनतारी जाळे : अल्प खर्चात योग्य निवड

बँकेचे बहुतेक व्यवहार आता ग्राहकाच्या घरातूनच होऊ लागले आहेत. निवृत्तिवेतनाची नोंद पाहणे असो, विजेचे देयक भरणे असो वा परगावी शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवणे असो, सारे काही भ्रमणध्वनीवर वा संगणकावर उरकते. परंतु दिवाणखान्यात उत्तम चालणारे वाय-फाय आतल्या खोलीत क्षीण होते आणि नेमका व्यवहार अर्ध्यावर असताना संपर्क तुटतो. पैसे गेले की नाही, या संभ्रमात तोच व्यवहार पुन्हा केला जातो आणि रक्कम दोनदा जाण्याचा धोका उद्भवतो. अशा वेळी महागडा राउटर घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांची गरज त्याहून साधी असते.

अडचण कोठे असते?

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने सहज पार होतात. पण शेजाऱ्यांचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हेही त्याच पट्ट्यात असल्याने तेथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेग अधिक आणि गर्दी कमी. मात्र काँक्रीटच्या एक-दोन भिंती ओलांडताच त्या लहरी मंदावतात. प्रक्षेपणाच्या शक्तीवर नियमांची मर्यादा असल्याने महाग राउटरही भिंतींवर पूर्ण मात करू शकत नाही. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा : राउटर टीव्हीमागून वा कपाटातून काढून घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवून पाहावा.

अ‍ॅक्सेस पॉइंटचा उपयोग

एवढ्याने न भागल्यास अ‍ॅक्सेस पॉइंटचा विचार करावा. हे उपकरण इथरनेटच्या तारेने राउटरला जोडले जाते आणि दूरच्या खोलीत नव्याने वाय-फाय उपलब्ध करून देते. रिपीटर हवेतूनच संदेश घेतो व हवेतूनच पुढे पाठवतो. ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर करणाऱ्या रिपीटरचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. तारेने जोडलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला ही उणीव नसते. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत चालत असल्याने घरासाठी ती पुरेशी ठरते. घरात जुना राउटर पडून असल्यास त्यात अ‍ॅक्सेस पॉइंटची सोय आहे का, हे आधी पाहावे. ती असून उत्पादकाकडून सुरक्षा-सुधारणा अद्याप मिळत असतील, तर नव्या खरेदीची गरजच उरत नाही.

खोक्यावरील आकडे

‘एसी १२००’ हा आकडा २.४ गिगाहर्ट्झवरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरील ८६७ मेगाबिट यांच्या बेरजेतून आलेला असतो. तो सैद्धांतिक वेग होय. एका फोनला तो कधीच मिळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तार जोडण्याचे द्वार. ते १०० मेगाबिटचे असेल, तर २०० मेगाबिटची जोडणी घेऊनही त्या उपकरणातून १०० च्या वर वेग मिळणार नाही. त्यामुळे दोन्ही पट्टे, गिगाबिट द्वार आणि डब्ल्यूपीए३, निदान डब्ल्यूपीए२ सुरक्षा, एवढे पाहून निवड करावी. वाय-फाय ६ चे साधे उपकरण आवाक्यात असल्यास उत्तम. त्यापुढील खर्च सर्वसाधारण कुटुंबास आवश्यक नाही.

सुरक्षितता सर्वांत आधी

जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात निष्पन्न झाले होते. आपले जाळे उघडे ठेवल्यास कोणावर कोणता प्रसंग ओढवू शकतो, याचे हे उदाहरण आहे. म्हणून उपकरण जोडताच त्याच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा, वाय-फायचा पासवर्ड लांब ठेवावा, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे द्यावे आणि उत्पादकाच्या सुधारणा वेळोवेळी घ्याव्यात. २००१ मध्येच दुबळी ठरलेली डब्ल्यूईपी पद्धत कोणत्याही उपकरणावर ठेवू नये.

आणि इतके करूनही एखादा व्यवहार मध्येच खंडित झालाच, तर तो पुन्हा करण्यापूर्वी खात्यातील नोंद अवश्य तपासावी.