थेंब मुरतो की सरकतो

दसऱ्याला चार दिवस उरलेत. सकाळचे साडेदहा. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर गाड्यांची रांग फुटपाथला चिकटून उभी आहे. दोन्ही बाजूंना हॉर्न, आरसे, टायर, सीट कव्हरं. शटरवर टांगलेली कव्हरं जराही हलत नाहीत. वाराच नाही. पाऊस गेला, पण त्याची वाफ अजून रस्त्यावर रेंगाळते आहे आणि ट्रकचा धूर तिच्यात अडकून बसतो.

मी ज्या गाळ्यासमोर उभी आहे, तो जेमतेम दोन गाड्या मावतील एवढा. वर पत्रा, पत्र्याखाली एक करकरणारा पंखा. रांगेत सात गाड्या. पूजेचा हार बॉनेटवर चढायच्या आत सगळ्यांना गाडी आतून स्वच्छ हवी आहे. नुसतं धुणं कुठंही होतं. इथं आलेले सगळे सीटसाठी आलेत.

पहिली राखाडी सेडान आत येते. गाळ्यातला पोरगा दार उघडतो आणि आधी वास बाहेर येतो, ओल्या गोणपाटाचा. सीट मूळची बदामी असावी. आता पाठीवर पांढरट-हिरवे ठिपके आहेत, आणि शिवणीच्या कडेनं तर कुणी पिठाची रेघ ओढावी तशी बुरशी. मालक काका सत्तरीतले, काठी टेकून उभे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून जूनपासून गाडी सोसायटीत तशीच उभी होती.

"कव्हर घातलेलं होतं हो," ते पुन्हा म्हणतात.

"कव्हरानंच केलं, काका. आतली ओल आतच राहिली." गाळ्याचे उस्ताद हे अगदी हळू आवाजात सांगतात.

बुरशीला ७० टक्के आर्द्रता पुरते. मुंबईच्या पावसाळ्यात हवा कित्येक दिवस ८० च्या वर असते. अंगाचं तेल, घाम, कधीतरी सांडलेला चहा, एवढ्यावर तिचं पोट भरतं.

पोरगा सुका ब्रश उचलतो. उस्ताद तो त्याच्या हातातून काढून घेतात. "झाडायचं नाही. उडून छताच्या कापडात बसते." तोंडाला फडकं बांधून, चारही दारं उघडी टाकून आधी व्हॅक्यूम फिरतो. नळी शिवणीत शिरते आणि खडखड आवाज येतो, वाळूचा. ती आत राहिली तर प्रत्येक बसण्याउठण्याला पॉलिश पेपरचं काम करते. मग अर्धं पाणी आणि अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल यांत ओला करून पिळलेला फडका. पहिला हात सीटच्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यावर. फडक्यावर रंग आला नाही. मग वर.

आता उस्ताद बोट पाण्यात बुडवतात आणि सीटच्या कडेला एकच थेंब सोडतात. आम्ही सगळे वाकून बघतो. थेंब गोल राहतो. बोटानं ढकलला की सरकतो.

"कोटिंग आहे."

या एका थेंबावर पुढचं सगळं ठरतं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचं पातळ आवरण. थेंब मुरला, खालची जागा काळवंडली, तर चामडं उघडं आहे. मग त्याला पाणीसुद्धा जपून. उस्ताद सीटच्या मागच्या बाजूवर टिचकी मारतात. "हे मात्र रेक्झिन." काका चमकून बघतात. चामड्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सीटांत चामडं फक्त अंग टेकतं तिथंच असतं. बाजू आणि पाठ कृत्रिम.

क्लीनरचा फेस ब्रशवर घेतात, सीटवर ओतत नाहीत. पाणी शिवणीतून खालच्या स्पंजात उतरलं तर वाळता वाळत नाही, आणि सीटखाली सेन्सरच्या वायरी असतात. ब्रश घोड्याच्या केसांचा. लहान लहान गोल, एका वेळी वीतभर जागा. खसखस, खसखस. पांढरा फेस बघता बघता तांबूस होतो, मग चहासारखा. फडक्यानं टिपला की फडक्यावर तपकिरी पट्टा. घडी बदलायची. पुन्हा.

अर्धी सीट झाल्यावर ते थांबतात. मधली रेषा स्पष्ट दिसते. एक बाजू तुळतुळीत चमकते आहे, दुसरी कोरडी, मऊ, बिनचमकेची.

रांगेतल्या एक ताई पुढे येतात. "हे काय, चमक घालवलीत की!"

"ताई, ती मळाची चमक होती. नवं चामडं चमकत नाही."

ताई हात लावून बघतात. आधी चमकत्या बाजूला, मग साफ झालेल्या. परत चमकत्या. बोटं एकमेकांवर घासतात. काही बोलत नाहीत. मग विचारतात, "आणि खोबरेल? आम्ही घरी लावतो."

इथं उस्ताद पहिल्यांदाच बसतात, उलट्या बादलीवर. सोलापूरकडचे आहेत. वडील वहाणा शिवायचे. "वहाणेला तेल पाजतात ना, म्हणून लोकांना वाटतं सीटलाही पाजावं." कोल्हापुरी वहाणेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, उघडं, ते तेल पितं. सीटचं बऱ्याचदा क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, वर आवरण चढवलेलं. तेल वरच राहतं, धूळ धरतं, चिकट होतं, शेवटी खवट वास मारतं. साबणाचंही तसंच. चामडं आम्लधर्मी, पीएच चार-पाचच्या आसपास. कपड्यांचा साबण नऊ-दहा. दोघांचं पटत नाही.

साडेअकरा. रांगेतल्या सहाव्या, काळ्या गाडीला सावली नाही. तिच्या मालकानं काचा बंद ठेवल्या आहेत. बाहेर ३५ अंश असताना बंद गाडीच्या आत अर्ध्या तासात पारा ५० च्या वर जातो. उस्ताद जागेवरूनच ओरडतात, "साहेब, काचा खाली घ्या!" तो मोबाइलमधून मान वर काढतो आणि काचा उतरतात. कटिंग चहा येतो. पेला हातात धरवत नाही.

गाळ्यात शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या पांढऱ्या सीटवर निळी झाक आहे, नव्या जीन्सची. पोरगा जोर लावतो आहे. उस्ताद नुसता हात वर करतात. रंग आवरणात उतरला असेल तर घासून आवरणच निघेल, जीन्स नाही. निघेल तेवढं काढायचं आणि बाकीचं मालकाला खरं सांगायचं. मला हे फार मोलाचं वाटतं. मालक समोर नसताना थांबलेला हात.

काकांची सीट वाळली. आता कंडिशनर, सुपारीएवढा, स्पंजवर. आवरणातून फार मुरत नाही, उस्ताद लपवत नाहीत. पण सुरकुत्यांतल्या बारीक भेगांना मिळतो, पृष्ठभाग मऊ राहतो, कपड्याचं घर्षण कमी होतं. पुढची वीस मिनिटं कुणी काही करत नाही. पंखा करकरतो. मग कोरड्या मायक्रोफायबरनं उरलेलं सगळं पुसून काढतात. सीटवर ओला तजेला नाही, नुसती बदामी रंगाची शांत पाठ.

काका काठी गाडीला टेकवतात आणि तळहात सीटवर ठेवतात. बराच वेळ तसाच.

"अजून अर्धा तास बसू नका. दारं उघडी राहू देत. आणि घरी गेल्यावर कव्हर..."

"नाही घालत," काका म्हणतात.

गाडी ढकलतच पुढच्या दुकानाच्या सावलीत नेतात. चारही दारं पसरलेली. काका शेजारी उभे, एक दार हातानं धरून. आत दुसरी गाडी येते. पोरगा दार उघडतो, आणि या वेळी ब्रशकडे न जाता थेट व्हॅक्यूमची नळी उचलतो.