धूर इंजिनांतून, दोष गिअरपेटींत



आज मोटारगाड्यांच्या एका विशिष्ट जातीविषयीं, आणि त्यांतही तिच्या दुखण्यांविषयीं, चार शब्द बोलावयाचें मीं योजिलें आहे. ही जात आपल्याकडची नव्हे. जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी १९२८ सालापासून मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळवीत असे. परंतु १९५४ मध्यें तिनें तें काम थांबविलें, आणि ज्या गाड्यांविषयीं मी बोलणार आहें त्या त्यानंतर दहा वर्षांनीं जन्मास आल्या. अमेरिकेंत त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मराठींत ‘बेटकुळीची गाडी’ म्हटलें तर अर्थ नेमका उतरतो. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलगे-भाचे आतां तिकडे घरें करून राहिले आहेत, व त्यांतल्या कांहींना अर्धशतक उलटून गेलेली अशी एखादी गाडी बाळगण्याचा नाद लागलेला असतो. या नादापायीं पैसा केव्हां सत्कारणीं लागतो आणि केव्हां निव्वळ अज्ञानापोटीं जातो, हा माझा आजचा विषय आहे.

या जातीचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जाणते लोक पाँटियाक जी. टी. ओ. या गाडीचें नांव घेतात. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पाँटियाक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं त्याच आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें इंजिन बसविलें. मात्र नवी गाडी न म्हणतां ‘मागाल तर मिळणारा जादा सरंजाम’ म्हणून तें विकलें. सोंवळ्याचा नियम न मोडतां त्यांतून वाट काढणारे बुद्धिमान लोक सर्वच देशांत असतात! १९६७ पासून हें इंजिन ४०० घनइंचांचें झालें. आपल्याकडच्या लहान मोटारींत एक-सव्वा लिटरचें इंजिन असतें; येथें साडेसहा लिटरांहून अधिक. १९६८-६९ च्या जाहिरातींत त्याची शक्ति ३५० अश्वांची सांगितलेली आहे. परंतु त्या काळीं तिकडे उघडें इंजिन घोडीवर ठेवून, धुराड्याचें व इतर सरंजामाचें ओझें काढून, शक्ति मोजीत. १९७२ पासून ही पद्धत बदलली, तेव्हां यांतले बरेच अश्व कागदीच होते असें दिसून आलें. २०१० सालीं पाँटियाक हा छापच बंद पडला. गाड्या मात्र शाबूत आहेत, आणि त्यांचे सुटे भाग करणारे इतर कारखाने आहेत.

माझा एक भाचा मिशिगन संस्थानांत राहतो. त्याच्याजवळ १९६९ ची जी. टी. ओ. आहे, तिची गिअरपेटी तीन गतींची व आपोआप गति बदलणारी असून तिचें नांव टर्बो-हायड्रामॅटिक ४००. मी त्याच्याकडे गेलों होतों त्या सुमारास गाडी बिघडली. सुरू केली कीं मागच्या नळीवाटे पांढुरका, दाट, तेलकट वासाचा धूर निघे. उभी असतांना इंजिन थरथरे. आणि चालतांना गति उशिरां व धक्क्यानें बदले. तेथल्या एका कारखानदारानें पाहून सांगितलें कीं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, इंजिन उघडून नवें करावें लागेल; गिअरपेटीचें काम वेगळें. दुखणीं दोन, बिलें दोन, आणि बेरीज कित्येक हजार डॉलर. भाचा मला म्हणाला, “मामा, आतां गाडी विकूं कीं कर्ज काढूं?”

मी शाळेंत मुलांना शास्त्र शिकविलें, पण माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं; मोटारीचा मिस्त्री तर मी मुळींच नव्हे. तथापि त्या गाडीची दुरुस्तीची पोथी दुपारच्या निवांत वेळीं मीं वाचून काढली होती. मीं त्यास एवढेंच विचारलें कीं, गिअरपेटींतलें तेल कमी होतें काय? होत होतें. दर आठवड्यास घालावें लागे. आणि गाडीखालीं जमिनीवर थेंब पडतो काय? पडत नव्हता. मग तें तेल जात होतें कोठें?

हें समजण्यासाठीं इंजिनांतील पोकळीची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल. पिस्टन खालीं सरकतो तेव्हां तो हवा व पेट्रोलची वाफ आंत ओढतो. या ओढण्याच्या वाटेवर एक झडप असते. पायाखालची पट्टी दाबली म्हणजे ती उघडते. पट्टी सोडलेली असली कीं झडप जवळजवळ बंद, पिस्टन ओढताहेत आणि हवा पुरत नाहीं. म्हणून तिच्यामागच्या नळकांड्यांत बरीच पोकळी उत्पन्न होते. हवेचा दाब आपण पाऱ्याच्या उंचीनें मोजतों, तशीच ही पोकळीही मोजतां येते. निरोगी इंजिन उभ्या गाडींत शांतपणें फिरत असतां समुद्रसपाटीजवळ ती पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान असते. पट्टी पूर्ण दाबली कीं हवा मोकळेपणीं आंत शिरते आणि पोकळी जवळजवळ नाहींशी होते. तेव्हां इंजिनावर भार किती आहे याची बातमी ही पोकळी क्षणोक्षणीं देत असते.

ही बातमी ऐकणारा एक इसम गिअरपेटीच्या अंगावर बसलेला असतो. त्याचें नांव व्हॅक्यूम मॉड्युलेटर. नांव भारदस्त आहे, पण वस्तु म्हणजे मुठींत मावेल असा पत्र्याचा डबा. आंत मधोमध रबराचा पडदा व एक स्प्रिंग. पडद्याच्या एका बाजूस बारीक नळीनें इंजिनांतील पोकळी आणून जोडलेली. दुसऱ्या बाजूकडून पेटींतल्या एका लहान झडपेवर जोर पडतो. पोकळी अधिक असली कीं स्प्रिंग मागें ओढली जाते, पेटींतल्या तेलाचा दाब कमी राहतो, आणि गति लवकर व अलगद बदलते. पोकळी कमी झाली, म्हणजे भार वाढला, कीं दाब वाढतो. गति उशिरां व घट्टपणें बदलते. पेटीच्या मागल्या टोंकाशीं दुसरा एक इसम असतो, गव्हर्नर. तो वजनांच्या फिरण्यावरून गाडीचा वेग सांगतो. वेग सांगतो ‘बदल’, भार सांगतो ‘थांब’, आणि या दोघांच्या ओढाताणींत जो वरचढ ठरेल त्याप्रमाणें पेटी वागते.

आतां तो रबरी पडदा फाटला तर काय होईल? एका बाजूस इंजिनाची ओढ, दुसऱ्या बाजूस पेटींतलें तेल. नळीनें सरबत ओढावें तसें तें तेल इंजिनांत ओढलें जातें, पेट्रोलबरोबर जळतें आणि पांढुरका धूर होऊन बाहेर पडतें. पेटीला पोकळीची बातमी नीट पोंचत नाहीं, म्हणून ती सदैव भार आहे असें समजून उशिरां व धक्क्यानें गति बदलते. नको तें तेल आंत आल्यामुळें इंजिन थरथरतें. तिन्ही लक्षणांचें मूळ एकच.

परीक्षा पांच मिनिटांची आहे. इंजिन बंद करून मॉड्युलेटरवरची रबरी नळी उपसावी व तिच्या आंत पाहावें. ती कोरडी असली पाहिजे. तींत लाल तेल दिसलें तर पडदा फाटला, यांत संशय नको. भाच्याच्या गाडींत नळींतून तेल चक्क टपकलें. नवा मॉड्युलेटर तिकडे साधारण दोघांच्या साध्या जेवणाला जेवढे डॉलर पडतात तेवढ्यांत मिळतो. तो एका बोल्टानें व एका पट्टीनें बसविलेला असतो. काढतांना थोडें तेल सांडतें, त्यासाठीं खालीं भांडें ठेवावें. धुराड्याची नळी जवळच असते, ती थंड होऊं द्यावी. आणि मागची लहान झडप निसटून पडणार नाहीं इकडे लक्ष ठेवावें. नवा बसविल्यावरही कांहीं वेळ धूर येतच राहतो, कारण आधीं आंत साचलेलें तेल जळून संपावें लागतें. हें ठाऊक नसलेले लोक येथें धीर सोडतात व पुन्हा त्याच कारखानदाराकडे जातात.

कधीं पडदा शाबूत असतो, पण वरची रबरी नळीच चिरलेली असते. मग धूर नसतो. थरथर आणि धक्के मात्र तेच. अमेरिकेंतील पेट्रोलमध्यें हल्लीं बहुधा दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो, व त्यानें जुन्या काळचें रबर लवकर निकामी होतें. म्हणून अशा गाडींतल्या पेट्रोलच्या जुन्या नळ्या एकदां सर्वच बदलाव्या. आगीचें भय त्यांत सर्वांत अधिक.

रोगी समोर आला कीं वैद्य प्रथम नाडी पाहतो, तसें या गाडीच्या बाबतींत पोकळी मोजण्याचें साधें घड्याळ आधीं लावावें. कांटा १७ ते २१ वर स्थिर असेल तर इंजिन उघडण्याची भाषा करणाऱ्यास खुशाल परत पाठवावें. कांटा स्थिर पण खालीं असेल तर ठिणगी उशिरां पडते आहे किंवा कोठें तरी हवा शिरते आहे. एकेक नळी चिमट्यानें दाबून पाहावी, जी दाबतांच इंजिन सुधारेल ती दोषी. ठराविक अंतरानें कांटा झटका खात असेल तर एखादी झडप नीट बसत नाहीं.

ठिणगीविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण ‘ताकद गेली’ अशी तक्रार असली तर निम्म्या वेळां मूळ येथेंच सांपडतें. या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरमधील दोन पॉइंट उघडतात व मिटतात, तेव्हां ठिणगी उत्पन्न होते. नव्या पॉइंटांमधील फट ०.०१६ इंच, म्हणजे सुमारें चार साध्या कागदांच्या जाडीएवढी. जनरल मोटर्सच्या या डिस्ट्रिब्यूटरला एक लहानशी खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून तींतून चावी घालावी, इंजिन अडखळेपर्यंत उजवीकडे फिरवावी, आणि मग अर्धा वळसा परत घ्यावी. इतकी सोय हल्लींच्या गाड्यांतही नाहीं! ठिणगीची वेळ दिव्यानें तपासतांना डिस्ट्रिब्यूटरला येणारी पोकळीची नळी काढून तिचें तोंड बंद करावें. परंतु ज्या खुणेवर ही वेळ पाहतात ती खूणच कधीं कधीं खोटें बोलते. पुढच्या चाकाचें बाहेरचें कडें रबरानें बसविलेलें असतें. तें रबर म्हातारें झालें कीं कडें सरकतें व खूणही त्याजबरोबर सरकते. म्हणून पहिला पिस्टन खरोखरच माथ्यावर आला आहे कीं नाहीं हें एकदां स्वतंत्रपणें पाहून घ्यावें.

पाँटियाकच्या इंजिनांत आणखी एक घातकी जागा आहे. साखळीच्या वरच्या दंतचक्रास आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दांते दिलेले असत. उष्णतेनें व वयानें ते ठिसूळ होऊन तुटतात, तेलाच्या तळपात्रांत पडतात, आणि तेल ओढणाऱ्या जाळीचें तोंड बुजवितात. तेल गेलें कीं इंजिन गेलें. इंजिन बंद असतां पुढचा मोठा बोल्ट पान्यानें एकीकडे फिरवावा, मग उलट. आंतील रोटर हलूं लागण्यापूर्वी सात-आठ अंशांहून अधिक मोकळी जागा जाणवली तर साखळी व चक्रें बदलावीं. तळपात्रही त्याच वेळीं काढून पाहावें. हा खर्च करण्यास मी कधींच मागें-पुढें पाहूं नये असें म्हणेन.

इंजिन खरोखर झिजलें आहे काय, हें दाब मोजून कळतें. सर्व प्लग काढावे, हवेची झडप उघडी ठेवावी, ठिणगीची तार सोडवावी, आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब क्रमानें लिहून काढावा. सर्वांत कमी आंकडा सर्वांत मोठ्या आंकड्याच्या तीनचतुर्थांशांहून खालीं गेला तर दोष आहे. त्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर बहुधा झडप. ही परीक्षा न करतां रिंगांचें निदान करणाऱ्याच्या हातीं इंजिन देऊं नये.

शेवटीं गिअरपेटीचें तेल. तें गाडी तापल्यावर, सपाट जागीं, इंजिन चालू ठेवून व दांडा उभ्या गाडीच्या खुणेवर ठेवून मोजावयाचें असतें. थंड गाडींत मोजून वर आणखी ओतलें तर त्यास फेंस येतो आणि नवेंच दुखणें सुरू होतें. तेल लाल व स्वच्छ असावें. दुधी गुलाबी झालें असेल तर रेडिएटरच्या आंतली थंड करण्याची नळी फुटून पाणी मिसळलें आहे, व अशा तेलावर एक मैलही जाऊं नये. काळें आणि जळक्या वासाचें असेल तर आंतल्या घर्षणाच्या तबकड्या करपल्या. तळाचें पात्र तेरा बोल्टांनीं बसविलेलें असतें. तें काढण्यापूर्वी गाडी भक्कम घोड्यांवर टेंकवावी, नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं शिरूं नये. आणि पात्र एका कोंपऱ्यानें हळूहळू उतरवावें, नाहींतर सारें तेल तोंडावर येतें. तळाशीं करडी, मऊ, बोटावर शाईसारखी पसरणारी भुकटी दिसेल, ती नेहमींचीच; पुसून, गाळणी बदलून पात्र परत लावावें. मात्र भुकटींत पितळेचे चकचकणारे कण किंवा पोलादाच्या सळ्या हातास लागल्या, तर तें काम घरचें नव्हे. पात्र तसेंच बसवून गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून जाणत्या कारागिराकडे न्यावी, आणि ती भुकटी कागदांत बांधून बरोबर घ्यावी.