मास्तरांचीही शिवारफेरी हवी



ऊसविकासाच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण एकाच शिवारात एकाला एकरी ६० टन आणि बांधाशेजारच्याला ३० टन ऊस पडला, तर आपण शिवारफेरी काढतो. दोन्ही प्लॉट पाहतो. बेणे, खत, पाणी विचारतो. शाळांचेही तसेच आहे.

जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा दोनशिक्षकी. एकेका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग. अडले तर विचारायचे कोणाला? म्हणूनच कोठारी आयोगाने (१९६४-६६) जवळपासच्या शाळांचा समूह करावा असे सुचविले. आपल्या राज्यात १९९४ च्या निर्णयानुसार केंद्रप्रमुख नेमले गेले. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा, आणि शिक्षकांची मासिक शिक्षण परिषद. मात्र परिषदेत नुसती परिपत्रके वाचून चहा घेतला, तर मुलांच्या पदरात काही पडत नाही.

मग काम कसे व्हावे? उदाहरण घ्या. तिसरीची मुले ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून उलटे सातातून दोन वजा करतात. सर्व शाळांनी एकच छोटी चाचणी घेतली, की ही चूक किती वर्गांत आहे ते कळते. ज्या बाईंच्या वर्गात ती कमी, त्यांचा पाठ इतरांनी बघावा. त्या दहा-दहा काड्यांच्या मोळ्या बांधून घेतात; एक मोळी सोडली की दोनाच्या बारा सुट्या काड्या होतात, हे मूल हाताने शिकते. बाकीच्यांनी आपापल्या वर्गात तसे करावे, महिन्याने पुन्हा चाचणी घ्यावी आणि पुढच्या परिषदेत हिशेब मांडावा. चूक शोधायची ती शिकवण्यातली. मास्तरांना नावे ठेवायला नव्हे.

हे होऊ शकते. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने सुमारे ४० शाळांच्या शिक्षकांनी मिळून मुलांना हाताळून शिकू देणारी पद्धत बसविली. ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

यात आपले काम काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. त्यात आपलेच सभासद आहेत. बैठकीत भिंत आणि पत्र्यांबरोबर एवढे जरूर विचारा : "गुरुजी, गेल्या परिषदेत काय ठरले? आपल्या वर्गात काय बदलले?" आणि गुरुजी दुसऱ्या शाळेचा पाठ बघायला गेले, तर "शाळा सोडून फिरतात" असे म्हणू नका. खोडवा बिघडला तर पुढच्या लागणीला सुधारता येतो. पोराची तिसरी मात्र एकदाच येते.

— ऊसविकास अधिकारी