भूमध्य सागराकाठचा ज्वर आणि त्याचे जनुक

ताप आला म्हणजे शरीरात रोगजंतू शिरले असावेत, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु तुर्क, आर्मेनियन, अरब व ज्यू समाजांतील काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या असा एक ज्वर आढळतो की, त्याच्या मुळाशी कोणताही जंतू नसतो. रोग्यास एकाएकी ताप भरतो. पोट, छाती किंवा सांधे यांत तीव्र वेदना होतात आणि एक ते तीन दिवसांत सारे आपोआप शमते. काही काळाने पुन्हा तोच प्रकार. आंत्रपुच्छाचा दाह समजून अशा कित्येक रोग्यांवर विनाकारण शस्त्रक्रिया झाल्या. याहून मोठा धोका मूत्रपिंडांना असतो. वारंवार होणाऱ्या दाहामुळे त्यांत एक प्रथिन साचत जाते व अखेरीस ती निकामी होतात.

रोग्याचे आईबाप बहुधा निरोगी असत. यावरून असे अनुमान निघाले की, सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडूनही मिळाली, तरच रोग प्रकटतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. पण ते जनुक कोणते?

शोधाची रीत मोठी मनोवेधक होती. एकाच कुटुंबातील रोगी व निरोगी व्यक्तींची गुणसूत्रे ताडून पाहिली, तर सर्व रोगी भावंडांत समान असलेला तुकडा हाती लागतो. सदोष जनुक त्याच तुकड्यात असले पाहिजे. या रीतीने 1992 मध्ये त्याचे स्थान 16 व्या गुणसूत्रावर निश्चित झाले. पुढे अनेक कुटुंबे तपासून तो तुकडा लहान लहान करीत नेण्यात आला. 1997 मध्ये एक आंतरराष्ट्रीय आणि एक फ्रेंच अशी दोन शास्त्रज्ञमंडळे स्वतंत्रपणे एकाच जनुकापाशी पोहोचली. त्याच्या प्रथिनास पहिल्यांनी ‘अग्नी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘पायरिन’ म्हटले. दुसऱ्यांनी भूमध्य सागराच्या प्राचीन रोमन नावावरून ‘मॅरेनॉस्ट्रिन’ म्हटले.

हे प्रथिन 781 अमिनो आम्लांची साखळी आहे. तीतील 694 व्या स्थानी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले, एवढ्यानेही रोग जडू शकतो व तो बहुधा तीव्र असतो. पायरिन हे श्वेतपेशींतील पहारेकरी होय. जंतूंच्या विषाने पेशीचे व्यवहार बिघडले की ते दाह चेतविते. सदोष पायरिन मात्र शत्रू नसतानाही जागे होते.

उपचार जनुकाच्या आधीच सापडला होता. कॉल्चिसिन हे वनस्पतिजन्य औषध या रोगावर उपयोगी पडते, असे 1972 मध्ये दिसून आले. आपल्या कळलावीतही हे द्रव्य असते; परंतु ती वनस्पती अत्यंत विषारी असल्याने तिचे घरगुती प्रयोग प्राणघातक ठरतात. वैद्यकीय देखरेखीखाली हे औषध नित्य घेतल्यास बहुतेकांचे झटके टळतात किंवा सौम्य होतात व मूत्रपिंडांचे रक्षण होते. म्हणूनच रोग वेळीच ओळखणे महत्त्वाचे. जनुकाच्या शोधाने ते काम सुकर झाले. तथापि काही रोग्यांत दोन्ही प्रतींतील दोष आढळत नाहीत. तेव्हा रोग्याची हकीकत लक्षपूर्वक ऐकणाऱ्या वैद्याची आवश्यकता आजही उरतेच.